मेघवार्ता

प्रवासास निघण्यापूर्वीं अंगणांत येऊन एकवार आकाशाकडे पाहावें, ही चाल आपल्या घरांतून अद्याप मोडलेली नाहीं. बैलगाडीच्या दिवसांत तिची गरज होतीच. पुढें आगगाडी आली, मोटार आली, तरी वैशाखांत वळिवाचे ढग दाटूं लागले कीं घरांतील वडील माणूस 'जरा थांबून निघा' असें म्हटल्यावांचून राहत नाहीं. जमिनीवरून जाणाऱ्यानें हा सल्ला मानला नाहीं, तर तो बहुधा भिजतो, इतकेंच. आकाशांतूनच ज्याचा मार्ग आहे, त्याच्या बाबतींत मात्र हा प्रश्न प्राणाचा होतो.

मोठ्या प्रवासी विमानांविषयीं येथें बोलावयाचें नाहीं. तीं दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जातात आणि त्यांच्या नाकांत स्वतःचें रडार असतें. प्रस्तुत लेख आहे तो चार आसनांच्या, एका इंजिनाच्या लहान विमानाविषयीं. अशा विमानाच्या नाकांत इंजिन आणि पंखा असतो. रडारास तेथें जागा नाहीं. तें दोन-तीन किलोमीटर उंचीवरून, म्हणजे ऐन ढगांच्या वस्तींतून, ताशीं सुमारें १२० सागरी मैल गतीनें जातें. गडगडाटी ढगांत तें शिरलें, तर वर-खालीं धांवणारे वाऱ्याचे लोट, गारा आणि पंखांवर धरणारें बर्फ यांपुढें त्याचा निभाव लागणें कठीण. म्हणून पुढच्या शंभर मैलांत पाऊस कोठें आहे, हें अशा वैमानिकास कोणीतरी सांगावें लागतें. अमेरिकेंत गेलीं वीस वर्षें हें काम उपग्रह करीत आहेत. कालिदासाच्या यक्षानें मेघास दूत करून पाठविलें; येथें मेघाचीच वार्ता घेऊन दूत येतो. ती वार्ता कशी येते, बंद पडल्यास पुन्हां कशी मिळवावी, आणि मिळाल्यावर तिच्यावर किती विसंबावें, या तीन गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे. पहिल्या दोन यंत्राच्या आहेत. तिसरी बुद्धीची आहे, आणि माझ्या मतें तीच मुख्य होय.

मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. माझें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. परंतु माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅन्सस येथें, विचिता या शहरीं, स्थायिक झाला आहे. लहान विमानांच्या कारखान्यांमुळें हें शहर प्रसिद्धीस आलें. सेस्ना कंपनी येथें १९२७ सालीं निघाली. तिचें '१७२' या क्रमांकाचें विमान १९५५ सालीं प्रथम उडालें, आणि तेव्हांपासून आजवर त्या जातीचीं चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमानें तयार झालीं आहेत. इतक्या संख्येनें दुसरें कोणतेंहि विमान जगांत बनलेलें नाहीं. आमच्या या गृहस्थानें दोन मित्रांसह असेंच एक जुनें विमान घेतलें आहे. तो मला अधूनमधून दूरध्वनि करतो, मोबाईलवर छायाचित्रें पाठवितो, आणि मीं विचारलेल्या भाबड्या प्रश्नांचीं उत्तरें न कंटाळतां देतो. खालील मजकुरापैकीं दुरुस्तीचा भाग त्याच्याच अनुभवाचा आहे.

वार्ता कशी येते

अमेरिकेच्या सरकारनें देशभर सुमारें १६० हवामान-रडारें उभारलीं आहेत. त्यांपैकीं बहुतेक गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत बसविलीं गेलीं. प्रत्येक रडार आपला किरण चोहोंकडे फिरवितें. एक फेरी झाली कीं किरण किंचित् उंच करून दुसरी फेरी, मग तिसरी, असें करीत तें आपल्या भोंवतालचें सर्व आकाश झाडून काढतें. या एका झाडणीस साधारणतः साडेचार ते दहा मिनिटें लागतात. पावसाच्या थेंबांवरून परत आलेल्या किरणांवरून पाऊस कोठें आणि किती जोराचा, हें ठरतें. मग सर्व रडारांचीं हीं चित्रें एके ठिकाणीं आणून, गोधडीचे तुकडे जोडावे त्याप्रमाणें जोडून, संबंध देशाचें एक चित्र तयार करतात. हलक्या पावसास हिरवा, मध्यमास पिवळा आणि मुसळधारेस तांबडा, असा त्यांत रंग भरलेला असतो.

हें चित्र उपग्रहाकडे पाठविलें जातें. विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्या बरोबरीनें फिरतो, म्हणून खालून पाहणाऱ्यास तो एका जागीं स्थिर असल्यासारखाच असतो. एक्सएम नांवाच्या कंपनीनें असे दोन उपग्रह २००१ सालीं मार्च व मे महिन्यांत सोडले. त्यांचीं नांवें मोठीं गमतीचीं होतीं: एक 'रॉक' आणि दुसरा 'रोल'. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्यांवरून गाणीं व बातम्या सुरू झाल्या, आणि पुढें त्याच लहरींवर विमानांसाठीं हवामानहि जाऊं लागलें. २००८ सालीं ही कंपनी तिच्या प्रतिस्पर्धी कंपनींत विलीन होऊन 'सिरियस एक्सएम' हें नांव रूढ झालें. मूळच्या त्या दोन उपग्रहांची जागा नंतरच्या उपग्रहांनीं घेतली आहे.

आपल्याकडील कांहीं वाचकांस 'वर्ल्डस्पेस' हा उपग्रह-रेडिओ आठवत असेल. त्याची सेवा भारतांत २००९ च्या अखेरीस बंद पडली. पण ज्यांच्या घरीं तो होता, त्यांस खिडकींत ठेवलेलें तें चपटें एरियल आणि तें हातभर सरकलें कीं गाणें तुटणें, ह्या गोष्टी सांगावयास नकोत. विमानांतील व्यवस्था तत्त्वतः तीच आहे. विमानाच्या छपरावर एक लहानसें चपटें एरियल. तेथून आंत येणारी एक केबल. आसनाखालीं किंवा शेपटीकडे बसविलेलें एक ग्राहकयंत्र. आणि वैमानिकासमोरचा पडदा. ग्राहकयंत्रापासून एक तार पडद्याकडे जाते, तिच्यावरून पावसाचें चित्र. दुसरी कानांवरच्या श्रवणयंत्राकडे जाते, तिच्यावरून गाणें. विमानतळावरील नियंत्रक बोलूं लागला कीं गाणें आपोआप गप्प व्हावें, अशीहि योजना असते.

येथें एक गणित सांगून ठेवितों. पुढें तें उपयोगीं पडेल. लहर सेकंदास तीन लाख किलोमीटर धांवते. जमिनीवरून उपग्रहाकडे आणि तेथून विमानाकडे मिळून सुमारें बहात्तर हजार किलोमीटर होतात. म्हणजे सारा प्रवास पाव सेकंदांत संपतो. तेव्हां वार्तेस उशीर झाला, तर तो दूताच्या प्रवासांत होत नाहीं. दूत निघण्यापूर्वीं पत्र लिहिण्यांत, जोडण्यांत आणि रंगविण्यांत जो वेळ जातो, तो खरा उशीर होय.

वार्ता बंद पडते तेव्हां

एका हिंवाळ्याच्या शेवटीं माझ्या विद्यार्थ्यानें विमान बाहेर काढण्याची तयारी केली, तों पडद्यावर 'संकेत नाहीं' अशा अर्थाचे शब्द दिसूं लागले. पाऊस दिसेना, गाणेंहि ऐकूं येईना. भागीदारांपैकीं एकानें लगेच निर्णय दिला: यंत्र जुनें झालें, नवें घ्यावें. दुसऱ्याचें म्हणणें पडलें कीं, इतकीं वर्षें लोक याच्याशिवायच उडत होते, तेव्हां तें बंदच राहूं द्यावें. दोन्ही मतांत विचार करण्याचा त्रास वांचतो, एवढें एक साम्य होतें.

आपल्या न्यायशास्त्रांत कारण शोधण्याची एक साधी रीत सांगितली आहे. अमुक असतां अमुक असतें, हा अन्वय. अमुक नसतां अमुक नसतें, हा व्यतिरेक. दोहोंची सांगड घातली कीं कारण आपोआप उघडें पडतें. विमानाचा यंत्रज्ञ हीं नांवें घेत नाहीं. पण तो चालतो याच वाटेनें.

पहिली गोष्ट जागेची. विमान पत्र्याच्या शेडमध्यें उभें असेल, तर संकेत मिळावयाचाच नाहीं. ह्या लहरी पत्रा भेदून जात नाहींत. विमान उघड्यावर आणलें पाहिजे. उपग्रह विषुववृत्तावर असल्यामुळें अमेरिकेंतून तो दक्षिणेस दिसतो. म्हणून दक्षिणेचें आकाश मोकळें हवें, शेजारीं उंच इमारत किंवा दुसरें विमान आड येतां कामा नये. विमान उघड्यावर आणलें. संकेत आला नाहीं.

दुसरी गोष्ट आकाशांतील. उपग्रहच बिघडला असेल काय? असें घडतें. 'एसएक्सएम-७' नांवाचा नवा उपग्रह डिसेंबर २०२० मध्यें सोडला, आणि पुढच्याच महिन्यांत त्याच्या यंत्रणेंत बिघाड होऊन तो निकामी ठरला. जुने उपग्रह काम करीत होते म्हणून सेवा मात्र चालू राहिली. परंतु शंका फेडण्यास फार लांब जावें लागलें नाहीं. शेजारच्या गृहस्थाच्या मोटारींत त्याच कंपनीचा उपग्रह-रेडिओ गात होता. दोष आकाशांत नव्हता.

तिसरी गोष्ट वर्गणीची. ही सेवा फुकट नाहीं. महिन्याची वर्गणी भरावी लागते. प्रत्येक ग्राहकयंत्रास स्वतःचा क्रमांक असतो, आणि ज्यांत गाणें व हवामान दोन्ही येतात, अशा यंत्रास बहुधा दोन क्रमांक असतात. वर्गणी भरली, कीं त्या क्रमांकास परवानगी दिल्याचा संकेत कंपनी उपग्रहावरूनच पाठविते. विमान हिंवाळाभर शेडमध्यें बंद असेल, तर हा संकेत येऊन जातो आणि घेणारा झोंपलेला असतो. यास उपाय असा कीं, विमान उघड्यावर आणून, ग्राहकयंत्र चालू ठेवून, मग कंपनीस दूरध्वनि करावा आणि परवानगीचा संकेत पुन्हां पाठविण्यास सांगावें. दोन्ही क्रमांक निरनिराळे सांगावे. एक सांगून दुसरा विसरल्यास गाणें येतें आणि पाऊस येत नाहीं. पुष्कळांची तक्रार येथेंच मिटते. आमच्या विद्यार्थ्याची मिटली नाहीं.

आतां अनुमानास आरंभ होतो. गाणें येतें पण पाऊस दिसत नाहीं, अशी स्थिति असती, तर एरियल आणि केबल निर्दोष ठरलीं असतीं, कारण दोन्ही गोष्टी त्याच वाटेनें येतात. मग परवानगी किंवा पडद्याकडे जाणारी तार तपासावी. पाऊस दिसतो पण गाणें नाहीं, असें असतें, तर गाण्याची परवानगी किंवा श्रवणयंत्राकडील तार पाहावी. दोन्ही नाहींत, त्या अर्थीं दोहोंस जें समान आहे, त्यांत दोष असला पाहिजे. समान वस्तु चार: एरियल, केबल, ग्राहकयंत्र आणि त्यास मिळणारी वीज. ग्राहकयंत्राचा दिवा लागत होता, म्हणजे वीज होती. तीन उरल्या.

येथून पुढचें काम मालकानें स्वतः करावयाचें नाहीं. अमेरिकेंत विमानाच्या देखभालीचीं कांहीं ठराविक किरकोळ कामें वैमानिक-मालकास करतां येतात. बाकीचीं परवानाधारक यंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावीं लागतात. जो भाग बसवावयाचा तो मान्यताप्राप्त असावा लागतो, आणि झालेल्या कामाची नोंद विमानाच्या वहींत सहीनिशीं करावी लागते. कोणास ही कटकट वाटेल. पण ज्या वस्तूंत आपण आपलीं माणसें बसवून आकाशांत नेतों, तिच्याविषयीं 'कोणीतरी कधींतरी कांहींतरी केलें' एवढ्यावर भागत नाहीं.

यंत्रज्ञानें चांगलें चालणारें एक एरियल आणलें, तें छपरावर नुसतें ठेविलें, आणि आपल्या पदरच्या केबलीनें ग्राहकयंत्रास जोडलें. थोड्याच वेळांत संकेत आला. म्हणजे ग्राहकयंत्र शाबूत. नवें घेण्याचा सल्ला येथेंच बाद झाला. मग तेंच चांगलें एरियल विमानाच्या जुन्या केबलीस जोडलें, संकेत गेला. दोष केबलींत. छताचें अस्तर सोडवून पाहतां, एरियलाच्या बुडाशीं जेथें केबलीचा जोड आहे, तेथें हिरवट थर चढलेला आढळला. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यांत ताक ठेवलें म्हणजे त्याच्या कांठास जी छटा येते, तीच ही. एरियलाभोंवतीं पाणी शिरूं नये म्हणून लावलेलें लुकण कालांतरानें तडकलें होतें. तेथून पावसाचें पाणी झिरपून जोडांत शिरलें, आणि जोडांतून केबलीच्या आंत उतरलें.

छत्तीस हजार किलोमीटरांवरून येणारा संकेत मुळांतच क्षीण. तो सेकंदास सुमारें दोन अब्ज तीस कोटि कंपनांचा असतो. इतक्या जलद कंपनांस केबलींतील ओलावा मुळींच सोसत नाहीं. शिवाय एरियलाच्या पोटांत संकेत वाढविणारें एक लहानसें यंत्र असतें, आणि त्यास लागणारी वीजहि ग्राहकयंत्राकडून ह्याच केबलीनें वर जाते. जोड गंजला, तेव्हां वरून येणारी वार्ताहि थांबली आणि खालून जाणारें अन्नहि थांबलें. केबल बदलली, जोड नवे घातले, जुनें लुकण खरवडून नवें लाविलें, वहींत नोंद झाली. विमान उघड्यावर आणून यंत्र चालू केलें, तों प्रथम गाणें आलें. पावसाचें चित्र पडद्यावर पुरतें भरण्यास आणखी कांहीं मिनिटें जावीं लागलीं. तीं चित्रें ठराविक कालांतरानें एकामागून एक येतात, म्हणून येथें धीर धरावा लागतो.

वार्तेचें वय

यंत्र दुरुस्त झालें, येथें पुष्कळ जण गोष्ट संपली असें मानतात. खरें पाहतां संकटाचा संभव येथूनच सुरू होतो. यंत्र बंद असतां वैमानिक आपल्या अज्ञानाची जाणीव ठेवून सावधपणें वागतो. तें चालूं लागलें, रंगीत चित्र दिसूं लागलें, कीं आपण ढग डोळ्यांनीं पाहत आहों, असा भ्रम त्यास होऊं शकतो.

पडद्याच्या कोपऱ्यांत त्या चित्राचें वय लिहिलेलें असतें. 'एक मिनिट', 'चार मिनिटें' असें. हें वय कशाचें? तुकडे जोडून गोधडी तयार झाली, त्या क्षणापासून मोजलेलें. गोधडींतील एखादा तुकडा त्याच्याहि पूर्वींचा असूं शकतो, आणि तो किती जुना, हें पडद्यावर कोठेंच लिहिलेलें नसतें. अमेरिकेंतील अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें जून २०१२ मध्यें वैमानिकांस याविषयीं मुद्दाम इशारा दिला. प्रतिकूल परिस्थितींत चित्रांतील सर्वांत जुना भाग पडद्यावर दाखविलेल्या वयाहून १५ ते २० मिनिटांनीं अधिक जुना असूं शकतो, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे.

पंधरा मिनिटांत काय होतें, तें इयत्ता सातवीच्या मुलासहि काढतां येईल. वादळ ताशीं ४० सागरी मैल सरकत असेल, तर पाव तासांत तें १० मैल पुढें गेलें. विमान ताशीं १२० मैल जात असेल, तर त्याच वेळांत त्यानें ३० मैल कापले. दोघें समोरासमोर येत असतील, तर अंतर ४० मैलांनीं घटलें. वादळ नुसतें सरकतें असेंहि नाहीं. त्यास नवे कोंब फुटतात. आपल्याकडे वळिवाचा ढग दुपारीं तीन वाजतां टोपलीएवढा दिसतो आणि साडेतीनला सारें आभाळ व्यापतो, हें कोणी पाहिलेलें नाहीं? तीव्र गडगडाटी वादळापासून निदान २० मैल दूर राहावें, असा वैमानिकांस तेथील सरकारचा उपदेश आहे. चित्र पाव तास शिळें असेल, तर त्यांतले जवळजवळ निम्मे मैल न कळतच खर्ची पडलेले असतात.

त्या इशाऱ्यांत दोन दुर्घटनांचा उल्लेख आहे. मार्च २०१० मध्यें टेनेसी संस्थानांत ब्राउन्सव्हिलजवळ रुग्णसेवेचें एक हेलिकॉप्टर वादळापूर्वीं आपल्या तळावर परतण्याच्या प्रयत्नांत कोसळलें, तिघे दगावले. डिसेंबर २०११ मध्यें टेक्सास संस्थानांत ब्रायनजवळ एक लहान विमान पावसाळी हवेंत सांपडून पडलें. पांच माणसें गेलीं. दोन्ही ठिकाणीं पावसाचें चित्र वैमानिकापाशीं होतें. जें दिसत होतें त्याहून आकाश पुढें गेलें होतें.

याचा अर्थ वार्ता नकोच, असा मात्र कोणी करूं नये. स्कॉट क्रॉसफील्ड हा ध्वनीच्या दुप्पट गतीनें उडणारा जगांतील पहिला मनुष्य. हा पराक्रम त्यानें १९५३ सालीं केला. तोच क्रॉसफील्ड एप्रिल २००६ मध्यें, वयाच्या चौऱ्यायशींव्या वर्षीं, आपल्या लहान सेस्ना विमानांतून एकटा चालला असतां जॉर्जिया संस्थानांत वादळांत सांपडून मरण पावला. वैमानिकानें वाटेंत हवामानाची ताजी माहिती घेतली नाहीं, आणि नियंत्रकानेंहि वादळ टाळण्यास साह्य केलें नाहीं, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. एवढ्या अनुभवी पुरुषाची ही गत, तेथें इतरांची काय कथा! वार्ता मुळींच न घेणें आणि घेतलेली वार्ता प्रत्यक्ष समजणें, ही एकाच खड्ड्याचीं दोन टोकें आहेत.

न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं चार प्रमाणें मानलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. खिडकींतून दिसणारा काळा ढग हें प्रत्यक्ष. पडद्यावरील तांबडा डाग हें शब्दप्रमाण. विश्वासू माणसानें सांगितलेलें. सांगणारा विश्वासू असला, तरी 'तुम्हीं हें केव्हां पाहिलें?' हा प्रश्न उरतोच. त्याच शास्त्रांत स्मृतीस, म्हणजे पूर्वीं झालेल्या ज्ञानाच्या आठवणीस, प्रमाणांत जागा दिलेली नाहीं. आठवण खरी असेल, पण वस्तु आज तशी आहे, हें ती सांगूं शकत नाहीं. पडद्यावरचें चित्र ही रडारांची आठवण आहे. ती पाहून मार्ग आधींच दूर वळवावा, किंवा वाटेंत कोठें उतरावें, हें ठरविणें रास्त. दोन तांबड्या डागांमधील फटींतून विमान काढूं पाहणें म्हणजे आठवणीच्या भरंवशावर अंधारांत जिना उतरणें होय.

अमेरिकेंत आतां दुसरीहि एक वार्ता फुकट मिळते. जमिनीवरील सरकारी मनोऱ्यांवरून हवामानाचे संकेत पाठविले जातात, आणि योग्य ग्राहकयंत्र असलेल्या विमानास ते वर्गणीवांचून घेतां येतात. हे मनोरे दृष्टीच्या सरळ रेषेंत असावे लागतात, म्हणून फार खालून उडतांना किंवा कित्येक लहान धांवपट्ट्यांवर उभें असतांना ते लाभत नाहींत. उपग्रहाचा संकेत तेथेंहि मिळतो. पुष्कळ वैमानिक दोन्ही ठेवितात, आणि तें शहाणपणाचें आहे. एक बंद पडली तर दुसरी उपयोगीं पडते. पण दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसलें, म्हणून तें दुप्पट खरें ठरत नाहीं. दोहोंचें मूळ तींच १६० रडारें आहेत. दोन साक्षीदारांनीं एकाच तिसऱ्या माणसाकडून ऐकलेलें असेल, तर न्यायाधीश ती साक्ष एकच धरतो.

पुढच्या उन्हाळ्यांत माझ्या विद्यार्थ्याची आई पुण्याहून त्याच्याकडे गेली होती. तिला घेऊन तो शेजारच्या संस्थानांतील एका स्नेह्याकडे निघाला. तासाभरानें पुढें दोन वादळें उभीं राहिलीं. पडद्यावर दोहोंमध्यें चांगली पंधरा-वीस मैल रुंद वाट दिसत होती, आणि चित्राचें वय होतें चार मिनिटें. त्यानें मनाशीं चारांत पंधरा मिळविले, नियंत्रकास विचारलें, आणि विमान वळवून मागच्या एका लहानशा धांवपट्टीवर उतरविलें. आईस हें आवडलें नाहीं. तिकडे जेवणाची वेळ ठरली होती. ती म्हणाली, "अरे, तें यंत्र तर तूं दुरुस्त करून घेतलेंस ना?" तो म्हणाला, "आई, दुरुस्त झालें म्हणूनच थांबतां आलें." धांवपट्टीवर विमान उभें करून त्यानें पडदा चालूच ठेविला. पुढच्या दोन चित्रांत ती वाट अरुंद झाली. तिसऱ्यांत ती उरलीच नाहीं. मायलेक दोन तास तेथील बांकावर बसून राहिलीं, आणि जेवण रात्रीचें झालें.

आपल्या ओळखीच्या कुटुंबांतील एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशीं असें लहान विमान उडवीत असेल, तर त्यांस 'सांभाळून जा' एवढेंच सांगण्यानें फारसें कांहीं साधत नाहीं. यंत्राचा संकेत उघड्यावर तपासलास का, एरियलाभोंवतींचें लुकण वर्षांतून एकदां यंत्रज्ञास दाखवितोस का, आणि पडद्यावरचें चित्र किती वाजतांचें आहे तें पाहतोस का, हे तीन प्रश्न विचारावे. पहिल्या दोहोंचें उत्तर यंत्रज्ञ देऊं शकेल. तिसऱ्याचें उत्तर ज्याचें त्यानें प्रत्येक खेपेस द्यावयाचें असतें.